पट्टी पुढे ओढली आणि व्हिडिओ थिजला

लग्नाचे शूटिंग, मुलांचे स्नेहसंमेलन, हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगाचे चित्रीकरण, क्लासमधल्या तीन तासांच्या लेक्चरचे रेकॉर्डिंग या फाइली आता सहज २०-३० जीबींच्या असतात. सुरू केल्या की पहिली काही मिनिटे छान चालतात. मग थेट मंगलाष्टकांवर जायचे म्हणून खालची पट्टी पुढे ओढावी, तर चित्र थिजते, आवाज एकटाच पुढे जातो, पडद्यावर हिरवे-करडे चौकोन पसरतात, नाहीतर प्लेअरच 'नॉट रिस्पॉन्डिंग' होऊन बसतो. घरातले कोणीतरी लगेच सुचवते, 'कन्व्हर्ट करून बघ.' इंटरनेटवरून एखादा फुकटचा कन्व्हर्टर उतरवला जातो, लॅपटॉप रात्रभर तापतो आणि सकाळी हाती येते ती आधीपेक्षा धूसर फाइल, बऱ्याचदा तोच दोष घेऊन.

कन्व्हर्ट करणे हा शेवटचा उपाय आहे. अडकणाऱ्या पुष्कळ फाइलींमध्ये चित्राला काहीही झालेले नसते. बिघाड असतो तो फाइल ज्यावर ठेवली आहे त्या पेनड्राइव्हमध्ये किंवा डिस्कमध्ये, फाइलीच्या आतल्या अनुक्रमणिकेत, किंवा ती फाइल उलगडणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये. यांपैकी नेमके कुठे, हे आधी ठरवायचे आणि मगच हात लावायचा.

त्याआधी एक पथ्य. मूळ फाइलीवर कुठलाही प्रयोग करू नका. दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि प्रॉपर्टीजमध्ये दोन्हींचा आकार अगदी बाइटपर्यंत जुळतो का ते पाहा. तिथे 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' अशा दोन ओळी असतात; दुसरी ओळ वेगळी दिसली तर घाबरू नका, जुळायला हवी ती पहिली. आकार जुळला म्हणजे आतला मजकूर जुळलाच असे मात्र नाही. खात्री हवी असेल तर सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्याने उजव्या क्लिकच्या मेनूत येणारा 'एसएचए-२५६' हा आकडा दोन्ही फाइलींसाठी काढा. तो अक्षरन् अक्षर सारखा आला तर प्रत पक्की. फाइल अजून कॅमेऱ्याच्या कार्डावरच असेल तर कार्डाच्या कडेची छोटी लॉकची कळ खाली सरकवा, म्हणजे चुकून त्यावर काही लिहिले जाणार नाही.

दोष कुठे, हे कसे ओळखायचे

आता फाइल कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर, शक्यतो एसएसडीवर घ्या आणि तिथून चालवा. अडकणे थांबले तर फाइल ठीक आहे आणि दोष पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, केबल किंवा वाय-फाय यांपैकी कशाचा तरी आहे. थांबले नाही तर दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडा. व्हीएलसी आणि एमपीव्ही हे दोन्ही मोफत आहेत आणि त्यांची आतली घडण बरीच वेगळी आहे, म्हणून ही जोडी तपासणीला चांगली. दोन्हींत नेमक्या त्याच मिनिटाला गडबड होत असेल तर दोष फाइलीत आहे. सलग चालवली की ठीक आणि पट्टी ओढली की बिघडते, असे असेल तर संशय अनुक्रमणिकेवर घ्यावा. सगळीकडेच, कुठल्याही क्षणी अडखळत असेल आणि पंखा भणभणत असेल, तर कॉम्प्युटरला ते काम झेपत नाही. शेजाऱ्यांच्या नव्या लॅपटॉपवर तीच फाइल सुरळीत चालली की या शेवटच्या निदानावर शिक्कामोर्तब होते.

पेनड्राइव्हला लोक उगीच फार दोष देतात. थोडा हिशेब करून पाहा. समजा फाइल ३० जीबींची आणि दोन तासांची आहे. ३० गुणिले ८ म्हणजे २४० गिगाबिट, भागिले ७,२०० सेकंद. सेकंदाला साधारण ३३ मेगाबिट आले, म्हणजे जेमतेम ४ मेगाबाइट. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधूनही प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइटच्या आसपास माहिती येऊ शकते आणि स्वस्तातला पेनड्राइव्हही वाचताना बहुधा ४ मेगाबाइटच्या पुढे असतो. सलग पाहायला एवढे पुरते. फोर-के मध्ये ६० फ्रेमने काढलेले आयफोनचे चित्रीकरण ॲपलच्याच आकड्यानुसार मिनिटाला सुमारे ४०० एमबी घेते. तेही सेकंदाला ७ मेगाबाइटच्या आतच बसते. हा हिशेब सरासरीचा आहे. फटाके, कारंजी, अक्षता उधळल्याचा क्षण अशा गजबजलेल्या दृश्यांत ओघ सरासरीच्या दुपटी-तिपटीवर जातो. तरीही पेनड्राइव्हकडे बोट दाखवण्याआधी भागाकार करावा.

बाहेरच्या हार्डडिस्कची गोष्ट वेगळी. पाहता पाहता व्हिडिओ थांबवून चहा घेऊन आलात आणि परत सुरू करताच पाच-सात सेकंद सगळे ठप्प झाले, तर डिस्क वीज वाचवण्यासाठी झोपली होती एवढाच त्याचा अर्थ. फिरणाऱ्या तबकड्या पुन्हा वेगात यायला तेवढा वेळ लागतो. पण अडकताना डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा ठरावीक जागी आल्यावर अख्खा कॉम्प्युटरच गोठत असेल, तर तो इशारा समजावा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून 'रीॲलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी पाहा. पेंडिंगसमोर शून्याव्यतिरिक्त काही असेल तर डिस्कचा काही भाग वाचला जात नाही. अशा वेळी डिस्क 'दुरुस्त' करणाऱ्या विंडोजच्या तपासण्या चालवू नका. त्या मरू घातलेल्या डिस्कला आणखी राबवतात. जे निघते ते आधी दुसरीकडे काढून घ्या.

आणि बनावट पेनड्राइव्ह. ऑनलाइन किंवा रस्त्यावर '२ टीबी'चा पेनड्राइव्ह अविश्वसनीय स्वस्तात मिळाला, तर त्यावर विश्वास ठेवूच नये. आत चिप असते छोटी, तिच्यावर आकडा खोटा चढवलेला. कॉपी करताना चूक दिसत नाही, फोल्डरमध्ये फाइली दिसतात, पहिली काही चालतातही. खरी क्षमता संपल्यानंतरचा सगळा मजकूर मात्र हवेत गेलेला असतो. एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटे सॉफ्टवेअर रिकामा पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचते आणि खरी क्षमता सांगते. घरातला मोलाचा ऐवज ठेवण्याआधी ही चाचणी रात्रभर लावून द्यावी.

वाय-फायवरून किंवा घरातल्या सर्व्हरवरून पाहत असाल तर एकदा लॅनची तार जोडून बघा. फरक पडला की निदान झाले. आणखी एक फसवी गोष्ट वनड्राइव्हची. फाइलीच्या नावापुढे निळ्या ढगाचे चिन्ह असेल तर ती तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीच, इंटरनेटवरून येते आहे. उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, पूर्ण उतरू द्या, मग पाहा.

अनुक्रमणिका हरवलेली फाइल

आता मुख्य भाग. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय ही चित्राची नावे नव्हेत. चित्र आणि आवाज ज्यात एकत्र बांधतात त्या बांधणीची ती नावे आहेत. तिला कंटेनर म्हणतात. आतले चित्र एच.२६४ असेल, एचईव्हीसी असेल किंवा आणखी काही. कंटेनर चित्र आणि आवाजाचे तुकडे एकाआड एक रचतो आणि कुठल्या सेकंदाचा तुकडा फाइलीत कितव्या बाइटवर आहे याची अनुक्रमणिका ठेवतो. जाडजूड पुस्तकात हवे ते प्रकरण काढायला आपण जसे अनुक्रमणिकेवरून थेट त्या पानावर जातो, तसा प्लेअर पट्टी ओढल्यावर या यादीवरून त्या बाइटवर जातो. यादी नसेल तर अंदाजाने कुठेतरी उघडून पाहण्याखेरीज त्याच्यापुढे मार्ग नसतो. सलग वाचायला मात्र यादी लागत नाही, म्हणूनच अशी फाइल सुरुवातीपासून पाहिली तर गुणी वाटते.

एमपीफोरमध्ये ही यादी 'मूव्ह' नावाच्या कप्प्यात असते आणि रेकॉर्डिंग संपल्यावर, म्हणजे सहसा फाइलीच्या अगदी शेवटी लिहिली जाते. याचे दोन परिणाम होतात. पहिला, इंटरनेटवरून अशी फाइल पाहताना प्लेअरला आधी शेपटापर्यंत जाऊन यादी आणावी लागते आणि मगच चित्र सुरू होते. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधला 'वेब ऑप्टिमाइझ्ड' हा खूण करायचा चौकोन हे टाळतो, यादी पुढे आणून ठेवतो. दुसरा परिणाम गंभीर. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली, बॅटरी संपली किंवा कोणी कार्ड ओढून काढले, तर यादी लिहिलीच जात नाही. मग १२ जीबींची फाइल समोर दिसते, पण प्लेअर तिची लांबी शून्य दाखवतो किंवा उघडतच नाही. चित्र सगळे आत आहे. ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेच कोणाला माहीत नाही.

अशी वेळ आली तर त्या कार्डावर पुढचे काहीही शूट करू नका आणि ते फॉरमॅट तर मुळीच करू नका. आधी कार्ड पुन्हा त्याच कॅमेऱ्यात घालून तो सुरू करा. गोप्रो आणि डीजेआयच्या ड्रोनसारखी उपकरणे अर्धवट राहिलेली फाइल ओळखून स्वतःच दुरुस्तीचा प्रयत्न करतात. ते जमले नाही तर 'अनट्रंक' नावाचे मोफत साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली एक धडधाकट फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. तिच्यावरून ते तुटक्या फाइलीतले तुकडे ओळखून यादी नव्याने रचते. नमुना जुळणे महत्त्वाचे आहे. शूटिंग फोर-के मध्ये आणि नमुना फुल-एचडीचा दिलात तर हाती काही लागणार नाही. जाहिराती करणारी बरीच 'व्हिडिओ रिपेअर' सॉफ्टवेअर आधी दुरुस्त झालेले एक चित्र दाखवतात आणि फाइल सेव्ह करताना पैसे मागतात. तिथे जाण्याआधी हा मार्ग करून पाहा. आणि घरातल्या कार्यक्रमाची फाइल अनोळखी वेबसाइटवर चढवून दुरुस्त करून घेणे मला तर पटत नाही.

ज्यांना स्वतः लांब रेकॉर्डिंग करावे लागते, क्लासचे शिक्षक, प्रवचनांचे किंवा संगीत सभांचे चित्रीकरण करणारे कार्यकर्ते, त्यांनी ओबीएस हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर वापरत असतील तर रेकॉर्डिंगचा प्रकार एमकेव्ही ठेवावा. एमकेव्ही तुकड्यातुकड्याने लिहिली जाते; मध्येच वीज गेली तरी त्या क्षणापर्यंतचे सगळे वाचते. नंतर ओबीएसच्याच 'फाइल' मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'मधून दर्जा न बिघडवता एमपीफोर करून घेता येते. त्याच सेटिंगमध्ये 'कीफ्रेम इंटरव्हल' २ सेकंद करून ठेवा. का ते पुढे येईल.

एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टचा १९९२ सालचा प्रकार. त्यातही यादी शेवटी असते आणि जुन्या कॅप्चर कार्डांवरून, सीसीटीव्हीवरून आलेल्या फाइलींत ती हमखास तुटलेली सापडते. व्हीएलसी अशी फाइल उघडताना 'इंडेक्स बनवून चालवू का?' असे विचारते. हो म्हणा, पण एक लक्षात घ्या. ती यादी फक्त तेवढ्या वेळापुरती बनते, फाइलीत लिहिली जात नाही. दर वेळी तोच प्रश्न, दर वेळी तीच वाट पाहणे.

कायमचा इलाज रीमक्स. एमकेव्हीटूलनिक्स हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, फाइल ओढून त्यात टाका, 'स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग'चे बटण दाबा. चित्र-आवाजाला बोटही न लावता ते सगळे तुकडे नव्या कंटेनरमध्ये नव्या अनुक्रमणिकेसह बांधून देते. दर्जा तसाच राहतो आणि वेळ साधारण तेवढी फाइल कॉपी करायला लागेल इतकाच लागतो. डिस्कवर फाइलीएवढी जागा मोकळी हवी, बस्स. एमपीफोरच हवी असेल तर लॉसलेसकट हे साधन तेच काम करते. पट्टी ओढल्यावर बिघडणाऱ्या फाइलीवर सर्वात आधी करायचा उपाय हाच, आणि पुष्कळदा गोष्ट इथेच मिटते.

चार जीबींची वेस

फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबींपेक्षा मोठी बसत नाही. नेमके सांगायचे तर ४,२९,४९,६७,२९५ बाइट ही शेवटची हद्द. पेनड्राइव्ह ६४ जीबींचा आणि रिकामा असूनही 'फाइल इज टू लार्ज' असा संदेश येतो तो यामुळे. उपाय, एक्सफॅटने फॉरमॅट करणे. आतले सगळे पुसले जाते हे ध्यानात ठेवून. मात्र जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, तेव्हा टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहा. एक्सफॅटमध्ये अर्धवट लिहिलेल्या नोंदी सावरणारी व्यवस्था नाही, म्हणून पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता खेचून काढायची सवय तिथे महागात पडते.

हीच वेस फाइलीच्या आतही असते. एमपीफोरच्या जुन्या पद्धतीच्या यादीत पत्ता लिहायला ३२ बिट असतात, त्यात ४ जीबींच्या पुढची जागा मावत नाही. मोठ्या फाइलींसाठी ६४ बिटांची यादी आहे, पण काही जुनी सॉफ्टवेअर आणि टीव्ही ती नीट वाचत नाहीत. लक्षण ओळखू येण्यासारखे आहे. वरच्या ३० जीबींच्या, दोन तासांच्या फाइलीत ४ जीबींची हद्द साधारण १६-१७व्या मिनिटाला येते. त्याच्या आत पट्टी कुठेही ओढा, ठीक. त्यापुढे गेलात की बंद पडते किंवा परत सुरुवातीला येते. असे दिसले तर फाइलीला दोष देऊ नका, उपकरण बदला किंवा फाइलीचे भाग करा.

कॅमेरेही याच कारणाने लांब शूटिंगचे ४-४ जीबींचे तुकडे करत आले आहेत. ते जोडताना दोन चुका होतात. एक क्रमाची. गोप्रोच्या फाइलनावात आधी तुकड्याचा क्रमांक आणि मग व्हिडिओचा क्रमांक येतो, त्यामुळे नावाप्रमाणे लावले की हळदीमध्ये वरात घुसते. वेळेप्रमाणे लावा. दुसरी चूक फाइली नुसत्या एकापुढे एक चिकटवण्याची. एमपीफोरच्या बाबतीत असे केले की आकार दुप्पट होतो, पण लांबी पहिल्याच तुकड्याची दिसते, कारण पहिल्या यादीला दुसऱ्या तुकड्याचा पत्ताच नसतो. एमकेव्हीटूलनिक्समध्ये पहिली फाइल टाकून पुढच्या 'अपेंड' करा.

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून करून घेतलेल्या डीव्हीडींचाही असाच प्रश्न असतो. तिथे अख्खे लग्न १-१ जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत असते आणि सुटा तुकडा चालवला की वेळ भलतीच दिसते, पट्टी भलतीकडे जाते. तुकडे सुटे कॉपी करू नका. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरला अख्खी डीव्हीडी दाखवा, ते सलग एकच फाइल काढून देते. या चकत्या फार वर्षे टिकत नाहीत, तेव्हा हे काम लवकर उरका.

उडी मारल्यावर तो क्षणभराचा थांबा

यादी शाबूत असूनही दर उडीला दोन-तीन सेकंद थांबावे लागते, असेही होते. कारण चित्र साठवण्याच्या पद्धतीत आहे. एच.२६४ किंवा एचईव्हीसीमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र असते, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले तेवढेच. तुम्ही मध्येच कुठे उडी मारली की प्लेअरला मागच्या कीफ्रेमपर्यंत जाऊन तिथून सगळ्या फ्रेम उलगडत यावे लागते. एच.२६४साठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरमध्ये दोन कीफ्रेममधले अंतर मुळात २५० फ्रेमपर्यंत जाऊ शकते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ते १० सेकंद झाले. नवव्या सेकंदावर उतरलात तर एक चित्र दाखवण्यासाठी सव्वादोनशे फ्रेम उलगडायच्या. दृश्य बदलले की एन्कोडर आपणहून कीफ्रेम टाकतो, म्हणून लग्नाच्या झटपट कापलेल्या व्हिडिओत त्रास कमी. पण स्थिर फळ्याच्या, स्लाइडच्या किंवा एका जागी लावलेल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये अंतर पूर्ण ताणले जाते. ओबीएसमध्ये २ सेकंद ठेवा म्हटले ते यासाठी. फाइल थोडी मोठी होते, पण ती वापरायला सुखाची होते.

तयार फाइलीत हे अंतर रीमक्सने बदलत नाही; इथे खरोखरच नव्याने एन्कोड करावे लागते. एवढ्यासाठी मी ते करणार नाही. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये सर्व सेटिंग दाखवणारा पर्याय निवडून 'इनपुट / कोडेक्स'मध्ये 'फास्ट सीक'वर खूण करा. मग तो नेमक्या सेकंदाऐवजी जवळच्या कीफ्रेमवर उतरतो. चार-पाच सेकंद मागे-पुढे होईल, पण उडी झटपट बसेल.

चौकोनांबद्दल याच संदर्भात एक खूण. उडीनंतर करडे-हिरवे ठिपके दिसून क्षणात निवळत असतील तर प्लेअर कीफ्रेमवर न उतरता अधल्यामधल्या फ्रेमवर उतरला. रीमक्स करून पाहा. उडी न मारताही नेहमी त्याच जागी चौकोन येत असतील तर तिथली माहितीच नासली आहे. ती कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाही, मूळ कार्डावरून किंवा दुसऱ्या प्रतीवरूनच आणावी लागेल.

कॉम्प्युटरला झेपत नाही तेव्हा

एचईव्हीसी हे २०१३ सालचे मानक आहे, आणि बरेच नवे फोन फोर-के त्यातच काढतात. ते उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये खास भाग असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत सहाव्या पिढीपासून साधे, आठ बिटांचे एचईव्हीसी चालते आणि सातव्या पिढीपासून दहा बिटांचे. प्रोसेसरच्या नावात आय-फाइव्हनंतरच्या आकड्याची सुरुवात सहाने, साताने होते का ते पाहा. नव्यांमध्ये ती दहा, अकरा, बारा अशी असते. त्याआधीचा लॅपटॉप असेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि तो फोर-के पुढे मान टाकतो. विंडोज १० किंवा ११ मध्ये व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'जीपीयू'वर जा. 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलत असेल तर चिप काम करते आहे. तो सपाट आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर असेल तर व्हीएलसीमध्ये हार्डवेअर डिकोडिंग 'ऑटोमॅटिक'वर आहे का पाहा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा करा. उलटही घडते, काही जुन्या ड्रायव्हरमुळे हार्डवेअर डिकोडिंगनेच चित्र फाटते, तेव्हा ते बंद करून बघावे. फोनवर एमएक्स प्लेअर वापरत असाल तर वरच्या कोपऱ्यातले एचडब्ल्यू, एचडब्ल्यू प्लस, एसडब्ल्यू हे पर्याय याच कामाचे आहेत.

लग्नाचे शूटिंग करणारे नवे मिररलेस कॅमेरे दहा बिटांचे, ४:२:२ प्रकारचे चित्रीकरण करतात. संकलनासाठी ते उत्तम, पण बऱ्याच ग्राफिक्स चिप ते घेतच नाहीत. म्हणजे तुमचा लॅपटॉप बरा असूनही 'रॉ फुटेज' अडखळेल. अशा फाइली जपून ठेवायच्या आणि पाहण्यासाठी एक वेगळी, साधी एच.२६४ फुल-एचडी प्रत करायची. कन्व्हर्ट करण्याची ही खरी जागा. हँडब्रेक वापरा, तयार 'फास्ट १०८०पी' प्रीसेट पुरतो.

आवाज आणि ओठ जुळत नसतील तर आधी पाहा, फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच आहे की वाढत जातो. तेवढाच असेल तर व्हीएलसीमध्ये इंग्रजी जे आणि के या कळांनी आवाज थोडा थोडा मागे-पुढे सरकवता येतो. वाढत जात असेल आणि फाइल फोनवरची असेल तर फोनने फ्रेमचा वेग कमी-जास्त ठेवला आहे. संकलन करणारी सॉफ्टवेअर त्याने गोंधळतात. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून प्रत काढा आणि तिच्यावर संकलन करा.

राहिले शूटिंगवाल्याशी बोलणे. फाइली ताब्यात घेताना तिथेच बसून प्रत्येक फाइलीची सुरुवात, मध्य आणि शेवट पट्टी ओढून पाहा. पाहण्यासाठी एच.२६४ प्रत आणि जपण्यासाठी मूळ फुटेज, असे दोन्ही मागा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर घ्या. व्हॉट्सॲपवर मागवायचेच असेल तर व्हिडिओ म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल आकसून येते, आणि डॉक्युमेंटलाही २ जीबींची मर्यादा आहे. मूळ फुटेज तो किती दिवस ठेवणार आहे हे पैसे चुकते करण्याआधी विचारून घ्या आणि तेवढ्या दिवसांत तुमच्या प्रती तपासून मोकळे व्हा. त्याची कार्डे पुढच्या मुहूर्ताला पुसली जातात.